डावा स्पीकर

माझ्या खोलीत सकाळचं ऊन थेट कधी येत नाही. आमची इमारत मुलुंड पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सूर्य पाठीमागे खाडीवर उगवतो आणि पहिला तासभर मागच्या भिंतीवरच्या शेवाळावर, पाण्याच्या पाइपांवर, कबुतरांसाठी लावलेल्या जाळीवर सांडत राहतो. आमच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. मात्र समोर काचेचा टॉवर उभा राहिल्यापासून आठाच्या सुमाराला त्याच्या वरच्या मजल्यांवर आपटून मागे फिरलेला उजेड आमच्या खिडकीतून आत येऊ लागला आहे. त्याला ऊब नसते. काचेचा फिकट हिरवट रंग त्याला चिकटलेला असतो, आणि समोर कुणी खिडकी सरकवली की इथं आमच्या भिंतीवर तो दचकल्यासारखा हलतो. आधी छताजवळ उमटतो, मग सूर्य चढेल तसा खाली उतरू लागतो. भिंतीवर मी चिकटवलेल्या करड्या फोमपाशी आला की त्याच्या खाचांमध्ये विरून जातो. फोम आवाज शोषतो तसा तो उजेडही शोषतो असं मला वाटायचं. पुढे कपाटाच्या दारावर टांगलेल्या गोधडीवर तो एवढा स्पष्ट होतो की तिचे टाके दिसतात. साडेआठला टेबलावर पोचतो. त्या सकाळी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, टेबलावरच्या धुळीत दोन स्वच्छ आयत होते. तिथे ठेवलेले दोन स्पीकर आठवडाभर साकीनाक्याला भीमराजदादांकडे दुरुस्तीला पडले होते. त्यांतल्या डाव्या आयतावर उजेड येतोच आहे, एवढ्यात फोनच्या पडद्यावर भीमराजदादांचा निरोप उमटला : ‘स्पीकर ओके आहे. काही फॉल्ट नाही. दोन्ही घेऊन जा.’

काही फॉल्ट नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एखाद्याला आपला आजार बरा झाल्याचं कळावं आणि त्यानं निराश व्हावं, तसं झालं. दोष सापडला असता तर किती बरं झालं असतं. एखादी सुटलेली तार, फाटलेला पडदा, आत शिरलेलं झुरळसुद्धा चाललं असतं.

“अरे, किती हाका मारायच्या? कान आहेत की भोकं?” आई शेजारी उभी होती. चहाचा कप तिच्या हातात होता आणि त्यावर साय धरली होती, म्हणजे ती बराच वेळ उभी असावी. ती माझ्या डावीकडे होती. बोलून गेल्यावर तिनं ओठ मिटले. आमच्या घरात हे असं बोलत नाहीत. बाबा होते तोवर तर कुणी थट्टेतही बोलत नसे.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या यंत्रावर सव्वीस वर्षं होते. मी चौथी-पाचवीत असताना त्यांचं बोलणं मोठं होऊ लागलं. दूध संपलंय हेही ते जिन्याखाली ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. पालकसभेत त्यांनी माझ्या बाईंना तीनदा ‘काय?’ विचारलं आणि मागच्या बाकावरची मुलं हसली, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, जणू तो गृहस्थ दुसऱ्याच कुणाचा तरी बाप होता. डॉक्टरकडे चला म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असायचं : “मला नीट ऐकू येतं. तुम्हीच सगळे पुटपुटता.” अखेरपर्यंत ते हेच म्हणत राहिले. मी त्यांच्या उलट झालो. मी हळू बोलू लागलो आणि बारीक आवाज गोळा करू लागलो. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, शेजारच्या रत्नप्रभाकाकूंच्या कुकरची शिट्टी होण्याआधी झाकण कसं थरथरतं, गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्याचा सूर कसा वर वर जातो, हे मला डोळे मिटून सांगता येई. वर्गात, मैदानात मी कुणीच नव्हतो. ऐकण्यात मात्र मी कुणीतरी होतो. पुढे गोरेगावच्या डबिंग स्टुडिओत नोकरी लागली ती याच गुणावर. तिथे सात वर्षं काढली. संवादातला एखादा श्वास कापलेला असला तर तो मला झोपेतही बोचायचा.

ऑगस्टमध्ये मी ती नोकरी सोडली. एका मालिकेच्या आवाजात डाव्या बाजूला पंख्याची घरघर राहून गेली होती. ती माझ्या हाताखालून तशीच पुढे गेली, आणि मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “झोपला होतास का?” मी घरी येऊन आईला सांगितलं की आता स्वतःचं काम करायचं, घरातच स्टुडिओ उभारायचा, सगळ्यांचं आता असंच चालतं. आणि सामान जुनंच घ्यायचं, हेही त्याच वेळी ठरवून टाकलं.

जुन्या सामानाबद्दल मी त्या दिवसांत फार सुंदर बोलत असे. नव्या वस्तूला अजून कुणी ऐकलेलं नसतं, असं मी म्हणायचो. वापरलेला माईक शेकडो श्वास पिऊन मऊ झालेला असतो. वापरलेल्या स्पीकरनं एखाद्या माणसाची चिकाटी, त्याच्या फसलेल्या दुपारी, त्याचं पुन्हा पुन्हा ऐकणं सोसलेलं असतं. हे सगळं मी अक्षताला सांगायचो. अक्षता माझी गोरेगावपासूनची मैत्रीण. तिचा आवाज खोल आणि स्वच्छ आहे. कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं एक मोठं काम आम्हांला दोघांना मिळायच्या बेतात होतं, आणि माझ्या शब्दावर तिनं दातांच्या दवाखान्यातली स्वागतिकेची नोकरी सोडली होती. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “अनय, तू स्पीकर घेतोयस की लग्न करतोयस यार? नवीन घे ना. वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही.” मी हसायचो. वॉरंटीचा मला का राग यायचा, हे मी तिला सांगितलं नाही. मलाही तेव्हा ते कुठे नीट सांगता आलं असतं?

त्याआधी जुलैत, नोकरीत असतानाच, घाटकोपरच्या एकाकडून हेडफोन घेतले होते. त्यांची डावी बाजू मंद होती. गादी बदलली, तार बदलली, मंदच राहिली. ऑगस्टमध्ये बोरिवलीहून आवाज संगणकात नेणारी पेटी आणली. तिचीही डावी वाट क्षीण. विकणाऱ्याला ती परत केली आणि दुसऱ्याकडून तसलीच आणली. तीही तशीच निघाली. लोक किती निष्काळजीपणे वस्तू वापरतात, यावर मी आईपाशी एक लहानसं व्याख्यान दिलं. मग ऑक्टोबरात कांदिवलीला देवदत्त यांच्याकडे गेलो.

देवदत्त चाळिशीचे असतील. स्टुडिओ बंद करून ते भावाच्या छपाईच्या धंद्यात जाणार होते. त्यांच्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत खिळ्यांच्या खुणा होत्या आणि मधोमध, चादरीवर, ही जोडी ठेवलेली होती. मूळ खोकी, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्यादेखील त्यांनी जपल्या होत्या. “सात वर्षं झाली,” ते म्हणाले, “पण यांना एकमेकांपासून कधी वेगळं केलं नाही बघ. घरी मुलगी झाली तेव्हा तिचं रडणंसुद्धा यांच्यावर ऐकलंय.” मी निघताना त्यांनी स्पीकरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग आपला हात खिशात घातला. मला तो माणूस आवडला होता. चौथ्या दिवशी मी त्यांना कळवलं की डावा स्पीकर बसलेला आहे. त्यांचा फोन आला : “अरे, असं कसं होईल? तू नेईपर्यंत मी त्याच्यावर काम करत होतो. तू जागा बदलून बघितलंस का?”

जागा बदलणं ही आमच्या कामातली पहिली तपासणी. डावा उजवीकडे ठेवायचा, उजवा डावीकडे. दोष वस्तूत असेल तर तो वस्तूबरोबर जातो. गोरेगावला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे पहिल्या दिवशी शिकवत असे. “हो, बघितलं,” मी देवदत्तना म्हणालो. मी बघितलं नव्हतं. माझ्यापासून दोन्ही स्पीकर हातभर अंतरावर होते. उचलून ठेवायला मिनिटही लागलं नसतं. हेडफोनच्या वेळी तर ते उलटे घालण्याइतकं सोपं होतं, आणि तेही मी कधी केलं नव्हतं. मग ज्या गटावर जुन्या ध्वनिसामानाची देवघेव चालते, तिथे मी देवदत्त यांचं नाव घालून लिहिलं की हा मनुष्य दोष लपवून माल विकतो. इतकं ठाम मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. लिहिताना फार हलकं वाटलं. त्यांच्या बाकीच्या सामानाचं गिऱ्हाईक त्या दिवसापासून मागे फिरलं. त्यांनी एवढंच कळवलं : ‘जोडी परत घेऊन ये, मी घेतो. फक्त ते लिहिलेलं काढ. ह्या लाईनमध्ये माझं नाव तेवढंच आहे.’ मी ते काढलं नाही. जोडी परतही केली नाही. परत केली असती तर ते ती टेबलावर ठेवून माझ्यासमोर ऐकणार होते.

चहा न पिता मी निघालो. आदल्या संध्याकाळी अक्षताचा फोन आला होता, तो अजून अंगावर होता. आम्ही पाठवलेली पहिली तीन प्रकरणं परत आली होती. “अनय, मी हेडफोन लावून ऐकलं रे. माझा आवाज सगळा डावीकडे पळालाय. कुणीतरी माझं डोकं एका बाजूला ओढून धरलंय असं वाटतं. तू हे ऐकून पाठवलंस?” मी म्हणालो, स्पीकरचा घोळ आहे, डावा दबलेला म्हणून मी तिकडचा आवाज थोडा उचलला होता. “थोडा?” ती म्हणाली. मग म्हणाली, “उद्या संध्याकाळपर्यंत सुधारून दे म्हणाले. नाहीतर काम दुसऱ्यांना देतील. बघ, मी तुला दोष नाही देत, पण माझ्याकडे आता परत जायला तो दवाखाना पण नाहीये.”

बसनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं साकीनाका. मी डब्यात डावा खांदा दाराच्या काचेला टेकवून उभा राहतो. हॉटेलात भिंतीकडची डावी बाजू धरतो. रस्त्यानं चालताना बरोबरच्या माणसाला उजवीकडे घेतो. त्यासाठी कधी बुटाची नाडी बांधायला वाकतो, कधी गाडीचं निमित्त करून मागे राहतो. अक्षता एकदा म्हणाली होती, “तू माझ्याकडे असा तिरका काय बघतोस रे, कोंबड्यासारखा?” मी लाजलो होतो. लाजाळूपणा फार सोयीचा असतो. त्याच्याखाली काहीही झाकून ठेवता येतं आणि वरून लोकांना ते गोड वाटतं. त्या दिवशी मेट्रोच्या काचेत मला माझं प्रतिबिंब दिसलं : मान किंचित डावीकडे वळलेली, उजवा कान पुढे काढलेला. वडिलांचा टीव्हीसमोर बसलेला एक फोटो आमच्याकडे आहे. मी नजर काढून घेतली आणि कारखान्यांची पत्र्याची छपरं पाहत राहिलो.

भीमराजदादांचा गाळा सिग्नलच्या मागच्या गल्लीत, एका लेथ मशीनवाल्याच्या आणि खोकी बनवणाऱ्याच्या मधे आहे. ते पंचावन्नच्या पुढचे, मूळचे जालन्याकडचे. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. मिरवणुकांचे पुरुषभर उंचीचे स्पीकर गल्लीत रांगेनं उभे असतात. नोव्हेंबरात तिथे शांतता होती. म्हणजे लेथ चालू होतं, खोक्यांची कटिंग मशीन आपटत होती. पण त्यांच्या मानानं ती शांतताच. माझी जोडी एका टेबलावर पुसून ठेवलेली होती आणि समोर एक जुनी फिरती खुर्ची होती.

“ये भाऊ. कुठला फॉल्ट शोधायला लावलास मला? तीनदा खोलला. चार दिवस माझी झोप गेली, म्हटलं भीमराज, म्हातारा झालास की काय?”

“डावा दबतोय, दादा.”

“देवदत्तभाऊची जोडी ना ही?”

मी मान हलवली.

“मला माहितीय. यांचा पॉवरचा बोर्ड मीच बदललेला. बस इथं.”

त्यांनी दार लोटून घेतलं आणि एक जुना रेडिओ जोडला; पण स्टेशन लावलं नाही. दोन स्टेशनांच्या मधली नुसती खरखर सोडली. “गाण्यात लपवाछपवी होते,” ते म्हणाले. “एखादा ढोल आला, बाई गोड गायली की माणूस फसतो. खरखर फसवत नाही. बोल.”

खरखर खोलीभर पसरली. माझ्या उजवीकडे ती वाळू ओतल्यासारखी दाणेदार होती. डावीकडे कुणीतरी तिच्यावर ओलं पोतं टाकलं होतं.

“डावा कमी आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मागे जाऊन तारा अदलाबदल केल्या. “आता?”

“डावा.”

ते थांबले. मग दोन्ही हातांनी एक स्पीकर उचलला, खाली ठेवला, दुसरा त्याच्या जागी सरकवला, पहिला उचलून पलीकडे ठेवला. सगळं सावकाश. “आता?”

मी असंही म्हणू शकलो असतो की आता उजवा. तेच म्हणायला हवं होतं. बरोबर उत्तर मला ठाऊक होतं. पण आवाज ऐकल्यावर खोटं बोलायची सवय मला नव्हती, ती एवढी एकच जागा मी आजवर स्वच्छ ठेवली होती. तोंडातून निघून गेलं, “डावाच.”

भीमराजदादांनी माझ्या खांद्यांना धरून खुर्ची अर्धी फिरवली. आता स्पीकर माझ्या पाठीशी होते आणि समोर भिंत, भिंतीवर स्क्रूड्रायव्हर लहानमोठे क्रमानं लावलेले. मागे त्यांची पावलं वाजली. कुठल्या बाजूला वाजली, ते मला कळलं नाही. ओलं पोतं माझ्याबरोबर फिरलं होतं. ते अजूनही डावीकडेच होतं, मघाशी जिकडे वाळू दाणेदार होती तिकडे.

“आता रे?”

“आता ठीक आहे,” मी घाईनं म्हणालो. “दोन्ही अगदी सारखे आहेत. बहुतेक तारेतच काहीतरी असेल, दादा. झालं. मी घेऊन जातो.”

खुर्ची पुन्हा फिरली. भीमराजदादा माझ्यासमोर उभे होते आणि एका स्पीकरची तार त्यांच्या हातात होती. तिचं उपटलेलं टोक त्यांनी मला नीट दिसेल असं धरलं होतं. तो स्पीकर बंद होता. त्याच्यावरचा छोटा दिवासुद्धा विझलेला होता.

लेथचा आवाज भिंतीतून येत राहिला. मी त्या तारेच्या टोकाकडे पाहत होतो. तांब्याचे बारीक तंतू फुलासारखे उघडले होते. मला वाटलं, ते आता हसतील किंवा ओरडतील. मी त्यांचे चार दिवस वाया घालवले होते. ते टेबलाच्या कडेवर टेकले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“बरं.” त्यांनी तार गुंडाळली. “आमच्या बँडच्या पोरांना होतं असं. वेळेवर दाखवलं तर काहींचं येतं परत. काहींचं नाही येत.” मग ते म्हणाले, “देवदत्तभाऊ मागच्या सोमवारी आलेला. त्याचं मिक्सर विकून दे म्हणाला माझ्या नावावर. त्याच्या नावावर कुणी घेत नाही आता. मी विचारलं नाही कोणी लिहिलंय ते. त्यानं पण सांगितलं नाही.”

मजुरी त्यांनी घेतली नाही. मी दोन्ही खोकी उचलून दाराबाहेर आलो आणि ती तिथेच ठेवून दिली. गल्लीत दुपार पडली होती. एक टेम्पो माझ्यामागे आला असावा, कारण पलीकडचा खोकीवाला हात हलवून तोंड मोठं करून मला बाजूला हो म्हणत होता. मी बाजूला झालो, तो नेमका चुकीच्या बाजूला. ब्रेक लागले, ड्रायव्हरनं शिवी दिली. ती ऐकू आली.

वॉरंटीचा राग मला याचसाठी यायचा. नवी जोडी टेबलावर ठेवली असती, खोकं फोडलं असतं, आणि डावी बाजू मंद असती, तर त्या खोलीत संशय घ्यायला माझ्याशिवाय कुणी उरलं नसतं. वापरलेल्या वस्तूच्या मागे नेहमी एक माणूस असतो. घाटकोपरचा, बोरिवलीचा, कांदिवलीचा. मी चार महिने माणसं विकत घेत होतो.

मी फोन काढला. गटावर जाऊन देवदत्त यांच्याबद्दल लिहिलेलं शोधलं. त्याखाली एकवीस जणांनी माझे आभार मानले होते. मी ते पुसलं. पुसल्यावर तिथे काहीच दिसेना. एकवीस आभार मात्र खाली तसेच राहिले, कशाबद्दल ते न सांगता. मी नवीन काही लिहायला घेतलं, ‘देवदत्त यांच्या मालात’ इथपर्यंत लिहिलं, आणि पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. किंवा होतं, ते लिहायचं तर आधी एकदा कुणाला तरी सांगायला हवं होतं. तेवढ्यात फोन हातातच थरथरू लागला. अक्षता.

“मिळाला का रे स्पीकर? कुठे आहेस? मागे काय ठोकताहेत?”

“साकीनाक्याला.”

“मग काय झालं? काय निघालं त्यात?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? म्हणजे नीट आहे? मग झकास ना! अनय, घरी जा आणि आधी पहिलं प्रकरण घे, मी साडेपाचला पाठवते म्हणून सांगितलंय त्यांना. हॅलो? अरे बोल ना, मला फार भीती वाटतेय इथे. तू ऐकतोयस ना?”

खोकीवाल्याची मशीन थांबली होती. अक्षता वाट पाहत होती. तिचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता, कापलेला नव्हता.

“अक्षता,” मी म्हणालो, “मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. जुलैपासून.”